पार्किंग असलंच पाहिजे

१

चोरी झाली होती आणि चोरीला काहीच गेलं नव्हतं.

"काही गेलं असतं तर परवडलं असतं," सेक्रेटरी म्हणाले. "निदान तक्रार तरी करता आली असती." त्यांनी पार्किंगमधल्या गाडीच्या राखाडी कव्हरचा पुढचा कोपरा उचलून चावीताईंच्या नाकासमोर धरला. "गेल्या महिन्यात हे इथे वीतभर फाटलेलं होतं. मी स्वतः पाहिलं. मालक बाहेरगावी, म्हटलं आला की सांगू. तो काल आला आणि मलाच विचारतो, कव्हर कुणी शिवलं म्हणून. चोर येतो, कव्हर फाडतो, हात हलवत परत जातो आणि मग येऊन शिवून देतो. असा चोर तुम्ही ऐकलाय कधी?"

ताईंनी ऐकला नव्हता. पण सेक्रेटरींनी आपल्यालाच का बोलावलं, ते त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं.

या लहानशा शहरात भाड्याचं घर हवं असेल तर लोक चावीताईंकडे जायचे. रिकाम्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा सदैव त्यांच्या पर्समध्ये, म्हणून हे नाव. नवरा होता तोवर हे काम म्हणजे घरबसल्या विरंगुळा होता. गेल्या उन्हाळ्यात तो गेला आणि विरंगुळ्यावरच घर चालवायची वेळ आली. लेक दुसऱ्या गावी शिकत होती. या धंद्यात दुकान लागत नाही, भांडवल लागत नाही, लागतं ते फक्त नाव. मालक आपल्या घराची किल्ली देतो ती नावाच्या भरवशावर.

"चार बिल्डिंगांत हेच झालंय," सेक्रेटरी म्हणाले. "गाड्यांची कव्हरं पुढून वर केलेली. आम्ही मंडळी आपसांत बोललो. चारही ठिकाणी त्याच सुमाराला तुम्ही गिऱ्हाइकं आणली होतीत, ताई. मी तुमच्यावर आळ घेत नाही. पण रविवारी मीटिंग आहे. तोपर्यंत माणूस कोण ते कळलं नाही, तर तुम्हाला आत सोडायचं नाही असं ठरतंय."

"वॉचमनने कुणाला पाहिलं नाही?"

"तो म्हणतो, ताईंच्या नावाने रोज कोण ना कोण येतं, तोंडं कोण लक्षात ठेवणार?"

ताईंनी मोबाईलवर त्या शिवणीचा फोटो काढला. "आणि आता? अजून चालू आहे का हे?"

"तीच तर गंमत. गेले काही आठवडे सगळं शांत. एकाएकी थांबलं." सेक्रेटरींनी कव्हर खाली सोडलं. "त्याला हवं ते सापडलं असणार, दुसरं काय."

२

घरी आल्या तेव्हा दारात चपलांचा पसारा होता. एक चप्पल उताणी, एक पायपुसण्याखाली, लेकीचे जुने बूट तिसरीकडेच. नवरा असताना असं कधी दिसलं नाही. येता-जाता वाकायचा आणि ज्याच्या त्याच्या चपला जोडीने लावून ठेवायचा, पाहुण्यांच्यासुद्धा. लग्नघरीही त्याला राहवायचं नाही, तिथेही दाराशी बसून शंभर माणसांच्या जोड्या जुळवायचा आणि ताई लाजेने मेल्याहून मेल्यासारख्या व्हायच्या. आता लाज आणणारं कुणी नव्हतं. ताई पसारा ओलांडून आत गेल्या.

चहाचा कप घेऊन त्या विचार करत बसल्या. चारही बिल्डिंगा पाहिलेली गिऱ्हाइकं तीनच होती. तिघांची मागणी एकच: घर कसंही चालेल, पार्किंग असलंच पाहिजे. जुन्या बिल्डिंगांत पार्किंग म्हणजे जिन्याखालची जागा, त्यामुळे तिघांना घेऊन त्याच त्या नव्या बिल्डिंगा पालथ्या घालाव्या लागल्या होत्या. एक नर्सबाई, एक गादीवाले भाऊ आणि एक टेलरकाका.

कप ओठाशी नेता नेता ताई थांबल्या. तिघांच्याही हातात सुई होती.

दुसऱ्या दिवशी त्या नर्सबाईंना दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर गाठायला गेल्या. बाई डबा उघडून बसल्या होत्या. फोटो पाहून त्या हसल्याच.

"टाके डॉक्टर घालतात, ताई, मी हाताशी असते. पण जन्म गेला बघण्यात. आमच्याकडे प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ असते, एक सुटला तरी बाकीचे धरून राहावेत म्हणून. इथे एक तरी गाठ दिसतेय का? मी शिवलं असतं तर ऑपरेशन झाल्यासारखं दिसलं असतं."

"तसं नाही हो, मी आपलं विचारलं."

"विचारा की. पण खरं सांगू? तुमचे ते टेलरकाका मला जरा वेगळेच वाटले. त्या टेकडीजवळच्या बिल्डिंगमध्ये आमची गाठ पडली होती ना? मी सहज विचारलं, काका, गाडी कुठली घेताय? तर म्हणाले, निळी." नर्सबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "गाडी घेणारा माणूस कंपनी सांगतो, मॉडेल सांगतो, तासभर डोकं खातो. नुसतं निळी म्हणून कोण गप्प बसतं?"

३

गादीवाले भाऊ कापसात गळ्यापर्यंत बुडाले होते. त्यांना टेम्पो लावायला जागा हवी होती आणि टेम्पो बघितला की सगळे मालक नाही म्हणायचे, त्यामुळे ताईंवर त्यांचा आधीच राग होता.

"म्हणजे आता मला चोर पण ठरवा," ते म्हणाले. मग त्यांनी बाजूची सुई उचलून दाखवली. लांबलचक, जाड. "ह्या सुईने कव्हर शिवलं तर भोकातून पाऊस आत येईल. आणा तो फोटो." त्यांनी बराच वेळ बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "वा. कडा आत दुमडलीय, टाका वरून दिसतच नाही. दोरा पण रंगाला जुळवून आणलाय. ही तुरपाई आहे, ताई. चांगल्या टेलरचा हात आहे. मी असलं नाजूक काम करत बसलो तर घरदार उपाशी मरेल."

"चोर कशाला एवढं करेल?"

"चोर नाही करणार. पण ज्याने आयुष्यभर हेच केलंय त्याला फाटलेलं बघवत नाही. मलाही बसची फाटकी सीट दिसली की हात शिवशिवतात."

ताई स्कूटरवर बसल्या, पण त्यांनी ती चालू केली नाही. काका त्यांना मनापासून आवडायचे. कमी बोलायचे, घासाघीस नाही, ताईंनी शिडीवर चढून खिडकी उघडली की शिडी धरून उभे राहायचे. पण आता एकेक गोष्ट आठवायला लागली. घर बघणारा माणूस दारातून आत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, पाणी किती वेळ येतं? श्रीमंत असो, गरीब असो, हा प्रश्न चुकत नाही. कारण ज्याला राहायचंय त्याला पाणी लागतंच. काकांनी इतकी घरं पाहिली आणि पाण्याचं एकदाही विचारलं नाही. ते आधी खाली पार्किंगमध्ये जायचे. ताई वर खिडक्या लावून खाली येईपर्यंत तिथेच घुटमळत असायचे.

या माणसाला घर नकोच होतं. मग त्याला हवं तरी काय होतं?

४

काकांचं दुकान बंद होऊन बराच काळ झाला होता. त्याच्या मागच्या खोलीत ते एकटे राहायचे. शिवणयंत्रावर चादर घातलेली, गळ्यात मात्र टेप अजून होती. दाराशी त्यांच्या चपला होत्या आणि शेजारी बायकांच्या चपलांची एक जोडी, नीट लावलेली.

काकांनी चहाचा कप हातात दिला, तेव्हा ताईंनी फोटो पुढे केला.

"माझीच शिवण आहे," काका म्हणाले. "वर करताना फाटलं. वाईट वाटलं, म्हणून सुई-दोरा घेऊन परत गेलो."

"काका, चार बिल्डिंगांत माझं नाव खराब झालंय. रविवारनंतर मला कुणी दारात उभं करणार नाही. लेकीचं शिक्षण व्हायचंय अजून. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

काका उठले. त्यांनी फळीवरून बटणांची डबी काढली आणि तिच्यातला अंगठ्याएवढा तुकडा ताईंच्या हातावर ठेवला. गाडीच्या दिव्याच्या काचेचा होता.

"आमची ही पहाटे फिरायला जायची. तळ्याच्या रस्त्याने. मागच्या हिवाळ्यात धुकं होतं, एक गाडी तिला उडवून गेली. जागच्या जागी गेली, डॉक्टर म्हणाले. पोलिसांनी थोडे दिवस शोधलं आणि फाइलवर लिहिलं, अज्ञात वाहन. हा तुकडा मला गवतात मिळाला. तिच्या शालीला निळा रंग लागला होता. गॅरेजवाल्याने सांगितलं, हा डाव्या दिव्याचा तुकडा आहे. तो म्हणाला, जुन्या गाडीचे दिवे पिवळे पडतात, काका. एक दिवा बदलला तर तो पांढरा दिसतो आणि दुसरा पिवळाच राहतो."

"म्हणून तुम्ही..."

"निळ्या गाड्या रस्त्यावरच्या सगळ्या बघून झाल्या. राहिल्या त्या बिल्डिंगांच्या आतल्या, झाकलेल्या. म्हाताऱ्याला उगाच कोण आत सोडतं? पण घर शोधणाऱ्याला सगळे दार उघडतात. पार्किंग हवंय म्हटलं की हाताला धरून पार्किंगमध्ये नेतात."

ताईंचा राग कुठल्या कुठे गेला. दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "त्यांच्याच का त्या चपला?"

"हो. पोलिसांनी पिशवीत घालून दिल्या. एक गोष्ट मला अजून छळते बघा. गाडीने उडवलं की चपला कुठल्या कुठे जाऊन पडतात. हिच्या चपला डोक्याशी जोडीने लावून ठेवल्या होत्या. शालही नीट अंगावर ओढलेली. म्हणजे तो माणूस थांबला होता. खाली उतरला होता. आणि मग गेला."

ताईंनी कप खाली ठेवला. "मग? सापडली ती गाडी?"

"सापडली."

"कुणाची?"

काकांनी काचेचा तुकडा डबीत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. "चहा फार गोड झाला का हो?" ते म्हणाले. ताईंनी पुन्हा विचारलं, तर ते कप विसळायला उठले. फक्त ताई निघाल्या तेव्हा म्हणाले, "काळजी करू नका. मी रविवारच्या आत चारही सेक्रेटरींना भेटून सगळं सांगतो. तुमच्या नावाला काही होऊ देणार नाही."

५

काम फत्ते झालं होतं. चोर सापडला होता, नाव वाचलं होतं. तरी घराकडे येताना ताईंचं मन थाऱ्यावर नव्हतं.

गाडी सापडली, तर काका पोलिसांकडे का गेले नाहीत? आणि त्याहून मोठा प्रश्न, सापडल्यावरही घरं का बघत राहिले? कव्हरं वर करणं थांबलं होतं. त्यानंतर त्यांनी पार्किंगकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, नुसते ताईंबरोबर वर यायचे, खिडकीत उभे राहायचे आणि म्हणायचे, उद्या अजून एक बघू या. ताईंना वाटलं होतं, थकले असतील.

हे कधीपासून? ताई आठवत गेल्या आणि एका सकाळपाशी येऊन थांबल्या. त्या सकाळी स्कूटर चालू होईना, म्हणून त्यांनी नवऱ्याची गाडी बाहेर काढली होती. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. काका फाटकापाशी वाट बघत होते. गाडीसमोर ते इतका वेळ उभे राहिले की ताईंनी आतून हाक मारली, काका, बसा ना. ते बसले. पुढे ठेवलेल्या छोट्या फोटोकडे बघून विचारलं, हे कोण? माझे मिस्टर, ताई म्हणाल्या, उन्हाळ्यात गेले. पट्टा लावा काका. त्यानंतर काका वाटेत एक शब्द बोलले नव्हते.

ताई आपल्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेल्या. काकांनी शोधल्या त्या चार बिल्डिंगा, ही पाचवी. कव्हर पुढून वर केलं. उजवा दिवा पिवळट होता, डावा स्वच्छ. निळा रंग उन्हात चमकत होता.

दगड उडाला होता म्हणे. नवरा तसंच म्हणाला होता. लेकीला पहाटेच्या बसला सोडून परत आला तेव्हा दिवा फुटलेला होता, आणि तो त्याने शेजारच्या गावी जाऊन बदलून आणला होता. दगडही उडू शकतो. निळ्या गाड्या काय कमी आहेत? ताई स्वतःला समजावत जिना चढल्या, दारात आल्या आणि थांबल्या.

समोर चपला पडल्या होत्या. उताणी, वाकडी, एक इथे, एक तिथे.

धुक्यात दुसऱ्या कुठल्या माणसाने मेलेल्या बाईच्या चपला शोधून आणून जोडीने लावल्या असत्या? पळून जायची घाई असताना? दुनियेत एकच माणूस होता ज्याला ते केल्याशिवाय पुढे पाऊल टाकता आलं नसतं. ताईंनी त्याच्याबरोबर संसार केला होता.

मग बाकीचंही आपोआप उलगडत गेलं. त्या हिवाळ्यानंतर तो गाडीला शिवला नाही. डोळ्यांना कमी दिसतं म्हणायचा. ताट समोर तसंच राहायचं. ताई चिडायच्या, काय झालंय ते तरी सांगा, आणि तो म्हणायचा, काही नाही गं. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. ताई तेव्हापासून स्वतःलाच विचारत होत्या की आपलं कुठे चुकलं. आज उत्तर मिळालं होतं आणि ते नको होतं. ताई तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या, नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या.

६

गप्प बसणं सोपं होतं. काका बोलणार नव्हते, ते तर ताईंचं नाव निस्तरायला निघाले होते. लेकीला वडील जसे आठवत होते तसेच राहिले असते. तिला कळलं की तिला सोडून परत येतानाच हे झालं, तर ती आयुष्यभर ते घेऊन फिरेल. ताईंनी हे सगळं मनात घोळवलं. गप्प बसावं असं त्यांना फार वाटलं.

पण शनिवारी सकाळी त्यांनी निळी गाडी काढली आणि काकांच्या दारात उभी केली.

"दिवा तुम्ही ओळखला," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "चपला मी ओळखल्या."

काका चटकन उठले. "कसल्या चपला?"

ताईंनी सांगितलं. लग्नघरचं सांगितलं, दारातलं सांगितलं, न जेवलेल्या ताटांचं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. काका ऐकता ऐकता जमिनीवर बसले.

"म्हणजे त्याने लावल्या," ते म्हणाले. "मी मधूनच म्हणायचो, नसेल तो, कुणीतरी वाटसरू असेल. थांबणारा माणूस पळून जाईल कसा?"

"घाबरले असतील. घाबरट होते हो ते. पण वाईट नव्हते. असं मी म्हणायला नको, मला माहीत आहे."

"म्हणा. तुम्ही नाही म्हणणार तर कोण?"

"तुम्ही मला त्याच दिवशी का नाही विचारलंत, काका?"

"काय विचारणार? वर्षभर शिव्या गोळा करून ठेवल्या होत्या. गाडी सापडली आणि कळलं, ज्याला द्यायच्या तो माणूसच उरला नाही. वर तुम्ही म्हणता, पट्टा लावा." काकांनी डोळे पुसले. "घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं, त्यापेक्षा तुमच्याबरोबर घरं बघत फिरणं बरं वाटायचं. तुम्ही सारखं बोलत असता ना. हीपण फार बोलायची."

ताई त्यांच्यासमोर बसल्या.

"मी आज पोलीस ठाण्यात जाणार आहे," ताई म्हणाल्या. "ते अज्ञात वाहन काढून टाकायला. गाडीला नंबर आहे, माणसाला नाव आहे. तुमच्या फाइलवर ते असायला हवं. लेकीशी काल रात्रीच फोनवर बोलले."

"काय म्हणाली पोर?"

"आधी रडली. मग म्हणाली, आई, मी येते, आपण बरोबर जाऊ. ती दुपारच्या बसने येतेय."

"तुमच्या घराचं नाव जाईल, ताई."

"जाईल," ताई म्हणाल्या. "त्याचं मला दुःख आहे. पण आपल्या घरचं पाप दुसऱ्याच्या दारात ठेवून मला जेवण जाणार नाही. ह्यांनाही गेलं नाही."

निघताना त्या दाराशी वाकल्या. त्यांच्या स्वतःच्या चपला घाईत तिरक्या पडल्या होत्या. त्यांनी त्या सरळ केल्या, पायात घातल्या आणि गेल्या.

७

गावात व्हायची ती चर्चा झाली. रविवारी काकांनी चारही सेक्रेटरींसमोर उभं राहून कव्हरांचं सांगितलं आणि दोघांनी ताईंना आत सोडायचं लगेच कबूल केलं. उरलेल्या दोघांनी, ताईंच्या नवऱ्याचं कळल्यावर, फोन घेणं बंद केलं. ताईंनी त्यांना दोष दिला नाही. गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती आणि ताई स्कूटरवरच हिंडत होत्या.

थंडी संपता संपता काकांचा फोन आला. दुकानाची जागा मालकाला हवी होती.

"एक खोली बघा माझ्यासाठी. लहान चालेल."

"आणि पार्किंग?" ताईंच्या तोंडून सवयीने गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"नको," काका म्हणाले. "पार्किंग नको आता."

ताईंनी त्यांना भाजीबाजारामागची तळमजल्यावरची खोली दाखवली. एक खिडकी, एक ओटा, यंत्र मावेल एवढा कोपरा. काकांनी दारात चपला काढल्या, हातातली पिशवी उघडून बायकोची जोडी बाहेर काढली आणि आपल्या शेजारी ठेवली. मग ते आत आले. भिंतीवरून हात फिरवला, खिडकी उघडून बघितली, टेप काढून यंत्राची जागा मोजली. ताई कोपऱ्यात किल्ली घेऊन उभ्या होत्या.

काका ओट्यापाशी गेले. नळ फिरवला. नळातून नुसती हवा आली.

"ताई," ते मागे वळून म्हणाले, "इथे पाणी किती वेळ येतं?"

ताईंनी पदराने डोळे टिपले आणि सांगितलं, "सकाळी येतं, काका. भरून ठेवावं लागेल."